कातीव लाकडी लेखणी
(इयत्ता पाचवी ते सातवी : दसरा ते दिवाळी या काळातील कार्यानुभवाचा पाठ)

प्रास्ताविक

खंडेनवमीस सुतार आपली करवत, रंधा व पटाशी स्वच्छ करून त्यांची पूजा करतो. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीस, विद्यार्थी पाटीवर सरस्वती काढून पाटीपुस्तकाचे पूजन करतो. या दोन पूजांमध्ये एका दिवसाचे अंतर आहे. समाजव्यवहारात मात्र हत्यार धरणारा हात व लेखणी धरणारा हात यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे अंतर पडले. लिहिणारा श्रेष्ठ व घडवणारा कनिष्ठ, ही समजूत शाळेत कोणी शिकवीत नाही. तरीही ती मुलांच्या मनात नकळत रुजते. ती उपदेशाने जात नाही. ज्या वस्तूने मूल रोज लिहिते तीच वस्तू एकदा त्याने स्वतःच्या हाताने घडवली, तर मात्र तिचे मूळ हलते. प्रस्तुत पाठाचा हेतू एवढाच आहे.

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत सुमारे तीन आठवडे मिळतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी वही व लेखणी यांची पूजा करतात. तोपर्यंत वर्गातील प्रत्येक मुलाच्या हाती स्वतः घडवलेली एक लाकडी लेखणी असावी व ती त्याने दिवाळीची भेट म्हणून कोणास तरी द्यावी, अशी या पाठाची योजना आहे. सत्रपरीक्षा याच सुमारास येते. म्हणून काम कार्यानुभवाच्या सहा तासिकांतच बसवावे, अभ्यासाच्या वेळेवर त्याचा भार टाकू नये.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात लेखणी फार काळ बोरूची होती. बरूची काडी तिरकी तासून तिचे टोक चिरले की बोरू तयार होई. मोडी दप्तरे अशाच बोरूंनी लिहिली गेली. पुढे लाकडी दांड्यास पोलादी टोक बसवलेला टाक शाळांतून आला. त्याचा दांडा म्हणजे एक लहानसे कातीव कामच. झरणी आल्यावरही कातकाम सुटले नाही. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने एबोनाइटच्या कांड्या कातून झरण्या घडवल्या आणि १९३५ साली गांधीजींनी पत्राने त्यांच्या लेखणीची वाखाणणी केली. लेखणी कातून घडते ही गोष्ट अशी आपल्या देशात जुनी आहे.

हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचारही नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली व तीतून डॉ. झाकिर हुसेन समिती निर्माण झाली. एखादा उद्योग केंद्रस्थानी ठेवून गणित, विज्ञान, भाषा यांचा त्याच्याशी समवाय साधावा, हे त्या योजनेचे सूत्र होते. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, ही तिची दुसरी बाजू. तिच्यावर त्या काळीच गंभीर आक्षेप आला, की अशाने शाळेचा कारखाना होईल. हा आक्षेप आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. म्हणूनच या पाठातील लेखणी विकण्यासाठी नाही, देण्यासाठी आहे. तिची संख्या ठरवून देऊ नये, स्पर्धा लावू नये आणि शाळेच्या भेटवस्तूंचा पुरवठा मुलांकडून करवून घेऊ नये. एका मुलाची एक लेखणी, एवढेच पुरे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवून मुलांनी सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे, असे सुचवले आहे. हा पाठ त्या योजनेतही सहज बसतो.

भेट कोणास द्यावी

खेड्यातील पुष्कळ घरांतील माणसे नोकरीधंद्यानिमित्त मुंबईत राहतात. कोणी चेंबूरला, कोणी घाटकोपरला, कोणी मुलुंडला. सणाला ती गावी येतात, तेव्हा मुलांसाठी बाजारातील वस्तू आणतात. परतताना गावाकडून तांदूळ, कडधान्य, आमसुले त्यांच्याबरोबर जातात. वस्तू घेण्यासाठी शहर आणि धान्य देण्यासाठी खेडे, अशी मुलांची समजूत यातून होते. गावातल्या झाडाची, गावातल्या हाताने घडलेली लेखणी चेंबूरच्या काकांच्या खिशाला लागली, तर ती समजूत थोडी बदलेल.

यात आणखी एक शिकण्याजोगी गोष्ट आहे. १९५४ व १९५५ साली चेंबूरलगत तुर्भे येथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले. पुढे खतांचा कारखाना आला. चेंबूर व कुर्ला या परिसरात लहानमोठी यंत्रशाळाही वाढल्या. खेड्यातून गेलेल्या अनेक तरुणांनी यंत्रशाळांतून लेथवर काम केले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हाच अभ्यासक्रम टर्नर या नावाने शिकवला जातो. गावात लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर कातणारा कातारी आणि शहरात पोलाद कातणारा टर्नर हे एकाच विद्येचे उपासक आहेत. दोघेही फिरत्या वस्तूस स्थिर हत्यार लावतात. एकाचे लाकूड, दुसऱ्याचे लोखंड, एवढाच भेद. मुलांनी आपल्या नातलगांपैकी कोणी असे काम केले आहे काय, याची चौकशी करावी. मिळालेली माहिती वर्गात सांगावी.

दुसरी भेट घरातच देता येईल. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि वयोवृद्ध स्त्रिया पाटी घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. त्याआधी १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने असंख्य प्रौढांना अक्षरओळख करून दिली होती. तरीही अंगठा उठवणारी आजी आज पुष्कळ घरांत आहे. नातवाने स्वतः घडवलेली लेखणी तिच्या हाती देऊन तिला तिचे नाव लिहावयास शिकवले, तर या पाठाचे सार्थक त्याहून अधिक कशाने व्हावे?

लाकूड

लेखणीसाठी जिवंत झाड तोडण्याचे काहीच कारण नाही. मोडके पाळणे, खाटेचे खूर, जुन्या खिडकीचे गज, निकामी नांगर किंवा बैलगाडीचे भाग यांतील लाकूड अनेक वर्षे वाळलेले असते व ते सर्वांत चांगले. आजोबांच्या मोडक्या नांगरातून निघालेली लेखणी मुलास दुकानातील कोणत्याही लेखणीपेक्षा मोलाची वाटेल.

दुसरा मार्ग वाऱ्यापावसाने पडलेल्या फांद्यांचा. चेंबूरच्या जुन्या वसाहतींतील रस्त्यांवर पर्जन्यवृक्षांची दाट सावली आहे. पावसाळ्यात तेथे फांद्या मोडून पडतात, तशाच खेड्यात आंबा, चिंच, जांभूळ, बाभूळ, बोर यांच्या पडतात. मात्र पडलेल्या झाडावरही कोणाचा तरी हक्क असतो, हे मुलांस सांगावे व मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घेऊनच लाकूड आणावे. झाडांच्या रक्षणासाठी खेड्यापाड्यांसंबंधी १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम व शहरांसंबंधी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, हेही नागरिकशास्त्राच्या तासाला सांगता येईल.

ओली फांदी लगेच कातू नये; वाळताना ती तडकते. तिचे तुकडे करून दोन्ही टोकांस मेण लावावे व सावलीत, हवेशीर जागी रचून ठेवावेत. यंदा पडलेली फांदी पुढील वर्षाच्या दिवाळीसाठी, असा नियम ठेवणे बरे. मुलांनी दर आठ दिवसांनी एका तुकड्याचे वजन करून तक्त्यात नोंदवावे. लागोपाठ तीन वेळा वजन सारखे आले, की लाकूड वाळले. समजा, तुकडा प्रथम ९० ग्रॅम भरला व शेवटी ६० ग्रॅमवर स्थिर झाला, तर उडून गेलेले पाणी ३० ग्रॅम, म्हणजे ओल्या वजनाचा तिसरा हिस्सा. वनस्पतींच्या पाठात याहून बोलका प्रयोग सहसा सापडत नाही.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. मुले लेखणीचे टोक तोंडात धरतात. म्हणून विषारी झाडाचे लाकूड चुकूनही वापरू नये. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात. कुचल्याचेही लाकूड टाळावे. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात. गावातील जाणत्या माणसाने झाड ओळखल्याशिवाय लाकूड हाती घेऊ नये.

साहित्य व पूर्वतयारी

करवत, रंधा, बारीक गोल कानस, सपाट व गोल पटाशी, काचकागद, सुतळी, सुतारकामाचा पांढरा गोंद, मेण, सरळ तार, साधी रिफिल व फूटपट्टी एवढे साहित्य पुरते. कातयंत्र शाळेने विकत घेण्याची आवश्यकता नाही. गावात किंवा शेजारच्या बाजारगावी कातारी असतो. त्याच्याकडे वर्ग न्यावा किंवा त्यास शाळेत आमंत्रित करावे. त्यास शिक्षकांइतक्याच मानाने बसवावे, त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा. त्याचे मूल याच शाळेत असेल, तर त्या मुलाने त्या दिवशी आपल्या वडिलांचा वर्गास परिचय करून द्यावा.

कामाची मांडणी

पहिली तासिका : पट्ट्या. रिफिलपेक्षा सुमारे ५ से.मी. अधिक लांब, २ से.मी. रुंद व १ से.मी. जाड अशा दोन पट्ट्या रंध्याने सपाट कराव्यात. एकीवर दुसरी ठेवल्यास मधून उजेड दिसता कामा नये. अधिक ठेवलेला भाग कातयंत्रावर दोरी गुंडाळण्यासाठी किंवा पकड बसण्यासाठी असतो. तो अखेरीस कापून टाकावयाचा आहे.

दुसरी तासिका : खाच. बारीक लांब भोक सरळ पाडणे कुशल कारागिरासही अवघड जाते. त्याऐवजी पेन्सिलीच्या कारखान्यातील युक्ती योजावी. प्रत्येक पट्टीच्या बरोबर मध्यावर रेघ आखून तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत उथळ खाच पाडावी व ती गोल कानशीने गुळगुळीत करावी. दोन खाचा समोरासमोर आल्या, की रिफिल जाईल एवढी नळी तयार होते. सर्व रिफिलींची जाडी सारखी नसते. म्हणून प्रथम ती मोजावी व नळी तिच्याहून अर्धा मि.मी. मोठी ठेवावी.

तिसरी तासिका : सांधा. मेण लावलेली सरळ तार खाचेत ठेवावी. सायकलचा आरा चालतो. तो बारीक पडल्यास त्यावर मेणकागद गुंडाळावा. खाचेच्या दोन्ही बाजूंस गोंदाचा पातळ हात देऊन पट्ट्या जुळवाव्यात व सुतळीने घट्ट आवळाव्यात. थोड्या वेळाने, गोंद पुरता धरण्याच्या आत, तार गोल फिरवत ओढून काढावी. नंतर एक दिवस व एक रात्र सांध्यास हात लावू नये. उतावळेपणाने उघडलेला सांधा कातताना उसळतो व इजा करतो.

चौथी तासिका : आठ पैलू. चौकोनी कांडीचे कोपरे रंध्याने काढून ती अष्टकोनी करावी. २ से.मी. रुंद बाजूवर दोन्ही कडांपासून सुमारे ६ मि.मी. अंतरावर रेघा आखल्या, की आठही पैलू जवळजवळ सारखे येतात. हे अंतर ६ मि.मी.च का, हे वरच्या वर्गातील मुलांस आकृती काढून शोधू द्यावे.

पाचवी तासिका : कातकाम. हे काम कातारीच करील, मुलांनी पाहावे. कांडीच्या दोन्ही टोकांस सुतळी घट्ट बांधून तिला कातयंत्राच्या दोन टोकदार खुंट्यांमध्ये धरतात. खुंट्यांची टोके नळीतच बसत असल्याने नळी आपोआप मध्यावर राहते. मात्र खुंट्या फार आवळल्यास त्या पाचरीप्रमाणे सांधा फोडतात. टोकांस सुतळी बांधण्याचे कारण हेच. यंत्र कमानीचे असेल, तर कांडी आळीपाळीने पुढे व मागे फिरते. लाकूड कातारीकडे फिरताना तो पटाशी टेकवतो व उलट फिरताना किंचित मागे घेतो. हा ताल मुलांस मुद्दाम पाहावयास सांगावा. तसेच पटाशी नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरते, हेही दाखवावे. उतारावर जाताना प्रत्येक तंतूस खालच्या तंतूचा आधार असतो, म्हणून काम गुळगुळीत येते. चढावर तोच तंतू उचकटून निघतो. बोटांच्या पकडीशी लेखणीचा व्यास १० ते ११ मि.मी. असावा.

सहावी तासिका : शेवटचा हात. आता लेखणी मुलांच्या हाती येते. सुतळीचा व अधिक भाग कापून लांबी अशी करावी, की रिफिलचे टोक २ ते ३ मि.मी. बाहेर येईल. आधी जाडसर व मग बारीक काचकागद तंतूंच्या दिशेने फिरवावा. नंतर जवसाच्या कच्च्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन ते पुसून काढावे व वाळू द्यावे. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल नीट वाळत नाही, चिकट राहते. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून टाकू नये. ती वाळताना तापते व पेटू शकते. तिला उघड्यावर पसरून वाळवावे. सावंतवाडीच्या कातीव खेळण्यांवर जी झळाळी दिसते ती लाखेची असते. कातारीस ती कला येत असल्यास त्याने फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून दाखवावी. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, हा पदार्थविज्ञानाचा पाठ होतो.

रिफिलच्या मागील टोकास कागदाची पट्टी गुंडाळून ती नळीत घट्ट बसवावी. नळीचे मागचे तोंड लाकडी खुंटीने बंद करावे, पण खुंटी चिकटवू नये. शाई संपल्यावर रिफिल बदलता आली पाहिजे. जी लेखणी एकदाच वापरून फेकावी लागते तिच्यासाठी एवढे श्रम कोण करील?

सुरक्षितता

कातयंत्र फिरत असताना मुलांनी त्याच्या समोर नव्हे, बाजूस व दोन हात दूर उभे राहावे. ओढणी, सैल बाही, गळ्यातील दोरा, मोकळी वेणी यंत्राजवळ नसावी. कातणाऱ्याने चष्मा लावावा. फिरत्या लाकडास चिंधी गुंडाळून घासू नये. ती अडकल्यास बोटे ओढली जातात. काचकागदाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडास रुमाल बांधावा व काम उघड्यावर करावे. धारदार पटाशी मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. या बाबतीत गय नाही.

समवाय

गणित : १५ से.मी. लांब, २ से.मी. रुंद व २ से.मी. जाड कांडीचे घनफळ ६० घ.से.मी. तिच्यातून १ से.मी. व्यासाची लेखणी निघाली, तर नळीचे भोक न धरता तिचे घनफळ सुमारे ११.८ घ.से.मी. म्हणजे मूळ लाकडाचे चार-पंचमांश भाग छिलक्यांत जातात. हे छिलके कोठे जातात, याचा हिशेब मुलांनीच द्यावा : चुलीस, कुंड्यांच्या आच्छादनास की खतास?

विज्ञान : मिनिटास १,००० फेरे घेणाऱ्या २ से.मी. व्यासाच्या कांडीचा पृष्ठभाग मिनिटात सुमारे ६२.८ मीटर सरकतो, १ से.मी. व्यासाचा त्याच्या निम्मा. म्हणून जाड लाकूड सावकाश व बारीक लाकूड वेगाने फिरवतात. कातारीस हे सूत्र कागदावर ठाऊक नसेल, पण त्याच्या हातास ते ठाऊक असते. दोन्ही ज्ञाने खरी आहेत, हे शिक्षकांनी स्पष्ट शब्दांत सांगावे.

भाषा : कातणे, कातीव, कातारी, पटाशी, छिलका या शब्दांची यादी करावी; कापूस कातणे व लाकूड कातणे यांतील अर्थभेद सांगावा.

मूल्यमापन

लेखणी सुंदर आहे काय, हा पहिला प्रश्न नसावा. ती सरळ लिहिते काय? बोटास तुसे लागतात काय? रिफिल बदलता येते काय? लाकूड कोणत्या झाडाचे, ते कोठून आणले व कोणी कातले, हे मुलास सांगता येते काय? वाकडी परंतु लिहिणारी लेखणी उत्तीर्ण समजावी. ज्याचा सांधा उसळला त्यास दुसरी पट्टी द्यावी व सांधा का उसळला ते त्याच्याकडूनच वदवून घ्यावे.

प्रत्येक लेखणीबरोबर एक चिठ्ठी असावी. तीवर झाडाचे नाव, लाकडाचे मूळ, कातारीचे नाव व मुलाचे नाव, अशा चार ओळी त्याच लेखणीने लिहाव्यात. कातारीचे नाव मुलाच्या नावाच्या आधी यावे.

स्वाध्याय

१. तुमच्या गावात फिरत्या यंत्रावर घडणाऱ्या वस्तूंची यादी करा. कुंभाराचे चाक व कातयंत्र यांतील एक साम्य व एक भेद लिहा.
२. २ से.मी.ऐवजी १.५ से.मी. रुंद व तितकीच जाड कांडी घेतली, तर किती लाकूड वाचेल? मग सर्वांनी तशीच कांडी का घेऊ नये?
३. नवीन लेखणीने पहिले पत्र चेंबूरच्या किंवा अन्य गावच्या नातलगास लिहा. लेखणी कशी घडली ते सांगा आणि त्यांच्या कामातील एका हत्याराची माहिती उलटटपाली मागवा.
४. घरात कोणास लिहिता येत नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीत त्यांना त्यांचे नाव लिहावयास शिकवा. सुट्टी संपल्यावर त्यांची सही शाळेत आणा.